अळणीचा नवस

॥ महादेव प्रसन्न ॥
नवेगाव बांध
२ मार्च २०२५

चि. रेणूस,
आईचे अ. आ. पत्राच्या घडीत प्रतापगडच्या महादेवाचा अंगारा आहे, उघडताना सांडू नको.

फोन असताना पत्र काऊन, असं म्हणशील. घरात फोन एकच, तो तुझ्या बाबूजींच्या खिशात, आणि त्यांना स्पीकर लावल्याशिवाय बोलता येत नाही. अर्धा मोहल्ला ऐकतो आणि तू नुसती हो, हो करतेस. म्हणून तुझ्या बारावीच्या वहीतले कोरे कागद काढून ठेवले आहेत. टाकून देण्यापेक्षा बरे.

शिवरात्रीला प्रतापगडला जाऊन आले. गर्दी फार होती, गुडघे दुखले, पण दर्शन छान झालं. पिंडीवर हात ठेवून नवस बोलले. तुझा शेवटच्या वर्षाचा निकाल हाती येईपर्यंत मी एक वेळ जेवीन आणि अळणी जेवीन, मिठाचा कणही तोंडात घालणार नाही. तू तिकडे चार वर्षं खपलीस, मग माझ्या वाट्याला काहीतरी नको का? बाबूजी चिडले. म्हणाले, पेपर पोरगी देते, मीठ कायले सोडते तू. सोडलं ते सोडलं. तुझ्या आजी सांगायच्या, नवस अर्ध्यात मोडला तर ज्याच्या नावानं बोलला त्याच्यावर उलटतो. तेव्हा आता मागे फिरणं नाही.

बाबूजींसाठी वरण वेगळं काढते. परवा चुकून माझ्या वाट्याचं त्यांच्या ताटात गेलं, तर म्हणाले, हे वरण की बांधाचं पाणी?

सकाळी दूध घेत जा. प्रोजेक्ट कुठवर आलं ते कळव. माया आहे तशी राहू दे.
तुझी आई


नागपूर
१४ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि. पत्र आणि अंगारा पोचला. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या प्रेरणानेही लावला.

होळीला येऊ शकले नाही, रागावू नको. प्रोजेक्टचं काम आहे आणि सर सुटी देत नाहीत. आई, एक ऐकशील? मीठ खा. एक वेळ जेव हवं तर, पण मीठ सोडू नको. उन्हाळी धान आहे, तू दिवसभर शेतातल्या बांधीत उन्हात असतेस, घामासोबत अंगातलं मीठ जातं. हे मी औषधशास्त्राच्या पुस्तकातलं सांगते आहे, मनचं नाही. माझ्यासाठी असं काही करू नको. खरंच करू नको.

बाकी सगळं ठीक आहे. प्रेरणाचा नंबर खाली लिहिते, माझा फोन कधी कधी बंद असतो. बाबूजींना नमस्कार.
तुझी,
रेणू


॥ महादेव प्रसन्न ॥
नवेगाव बांध
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

चि. रेणूस,
अ. आ. पत्र पोचल्याला तीन आठवडे झाले आणि तुझ्याकडून पुन्हा ओळ नाही. परीक्षेची पोरगी आहे, म्हणून माफ केलं.

मीठ खा म्हणालीस ते वाचून हसू आलं. चार वर्षांत डॉक्टरीण झालीस की काय? अगं, आज चाळिसावा दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारते. पहिले आठ दिवस जड गेले, आता जिभेलाही सवय झाली. दुपारी थोडं गरगरतं, ते उन्हाचं.

आता आनंदाची गोष्ट. बाबूजींनी सडक अर्जुनीला बसस्टँडच्या बाजूला गाळा पाहून ठेवला. गाळेवाल्याला म्हणाले, जूनपर्यंत थांब, पोरगी फार्मसी होऊन येते. बोर्डावर रेणू मेडिकल लिहायचं की तुझ्या आजीच्या नावानं, यावर घरात दोन दिवस वाद झाला. बाजूच्या सुशिलाबाईंनी आतापासून गुडघ्याच्या गोळ्यांची यादी करून ठेवली आहे आणि पहिल्या महिन्यात उधार मागणार असंही सांगून टाकलं आहे. आपल्या घरातली पदवी घेणारी तू पहिली, हे बाबूजी आपल्या किराणा दुकानात येईल त्याला सांगतात. ऐकणारं गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं ते विसरून जातं.

एक विचारू? तुझं अक्षर बारीक झालं आहे. आधी ओळीवर बसायचं, आता ओळीखाली घसरतं. जेवतेस ना नीट? परीक्षेची तारीख आणि निकाल कधी, ते कळव, म्हणजे मला फुल्या मोजता येतील.
तुझीच,
आई


नागपूर
२० एप्रिल २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि. पेपर ५ मेपासून आहेत. निकाल जूनच्या शेवटी लागतो, कधी जुलैही होतो. नक्की सांगता येत नाही. वाट पाहू नको. मीठ खा.

अभ्यास चालू आहे. जास्त लिहीत नाही.
रेणू


नवेगाव बांध
१८ मे २०२५

चि. रेणू,
आशीर्वाद. मले पत्र लिहिता येत नाही, चुकलं माकलं समजून घेजो. फोन लावतो तर तुहा फोन बंद.

तुही माय परवा बांधीत पडली. धान कापून राहिलो होतो. ती पेंढी बांधता बांधता बसली अन् आडवीच झाली. काहीच्या बाही बोले. मले वळखे नाही. ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणते, आंगातलं मीठ सरलं. ऐंशी दिवस मीठ नाही, वरून एक वेळचं जेवण अन् हे ऊन.

सलाईन लावली. जराशी शुद्ध आली तर नर्सबाईले विचारते, या बाटलीत काय आहे. ते पोरगी भोळी, सांगून बसली का मिठाचं पाणी आहे. तशी तुह्या मायनं नळी वढून फेकली. रगत आलं. चार जणांनी धरलं तरी हात देत नाही. म्हणते, पोरीवर उलटन. डॉक्टर माह्यावर वरडला. मी काय करू?

आता घरी आणली. नुसतं पाणी पेते. डॉक्टर म्हणते, पुन्हा पडली तर जिवाचं काही सांगता येत नाही. माहं ऐकत नाही, महादेवाचंही ऐकन असं वाटत नाही. तुहं ऐकन. पेपर झाले असतीन. निकाल कवा लागते ते एक तारीख लिहून धाड, म्हणजे तिले दाखवतो.
तुहे बाबूजी,
टिकाराम


नागपूर
२२ मे २०२५

आई,
आज नमस्कार लिहायला हात धजत नाही.

निकाल लागणार नाही. जूनमध्ये नाही, जुलैमध्येही नाही. मी पेपर दिलेच नाहीत.

दिवाळीनंतर एका मागच्या विषयाचा निकाल आला. तिसऱ्यांदा राहिला. त्यानंतर मी वर्गात गेले की सरांचा आवाज यायचा, पण अर्थ लागायचा नाही. पुस्तक उघडलं की एकच ओळ तासभर वाचायची. मग जाणंच बंद झालं. हजेरी कमी पडली. ३ एप्रिलला परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. तुझं रामनवमीचं पत्र त्यानंतर आलं, गाळ्याचं.

प्रेरणाला संशय येऊ नये म्हणून रोज नऊ वाजता बॅग घेऊन निघते आणि गणेशपेठच्या बसस्टँडवर बसते. साकोली, सडक अर्जुनी पाट्यांच्या गाड्या लागतात. कंडक्टर आता ओळखतो, ताई चलता का विचारतो. मी चढत नाही. घरी येऊन तुझं ताट कसं पाहू?

तुला सांगायचं म्हणून चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. पण सांगितलं असतं तर तू निकालाची वाट पाहत आणखी एक वर्ष अळणी खाल्लं असतंस, हे मला माहीत होतं. म्हणून तारीख ढकलली. वाटलं, तोवर काही सुचेल. सलाईनमध्ये किती मीठ असतं हे मी पहिल्या वर्षीच शिकले, आई. आणि माझ्या खोटेपणानं तूच ते अंगातून उपसून फेकलंस.

कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. हे कोणाला सांगितलं नाही.

तू मीठ खा. माझ्यावर काय उलटायचं ते उलटून झालं आहे.
रेणू


॥ महादेव प्रसन्न ॥
नवेगाव बांध
२५ मे २०२५

चि. रेणूस,
आईचे अ. आ. या वेळी माझं अक्षर घसरलं तर तू माफ कर.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचल्याबरोबर सुशिलाबाईंच्या फोनवरून प्रेरणाला फोन लावला आणि मी येईपर्यंत तुला एकटी सोडू नको म्हटलं. ती रडायला लागली. तिला बऱ्याच दिवसांपासून कळलं होतं म्हणे, विचारायची हिंमत होत नव्हती. तिच्यावर रागावू नको.

खोटं लिहीत नाही. आधी मला राग आला. गाळा आठवला, बाबूजींची दुकानातली बढाई आठवली, लोक काय म्हणतील ते आठवलं. त्या रागात एक पत्र लिहिलं, ते चुलीत घातलं. मग तुझी सकाळ न होण्याची ओळ पुन्हा वाचली. ती ओळ मी बाबूजींना वाचून दाखवली नाही. बाकीचं सगळं दाखवलं.

ऐकून झाल्यावर बाबूजी उठून बाहेर गेले. संध्याकाळी गाळेवाल्याला फोन करून एवढंच म्हणाले, देऊन टाक दुसऱ्याले. या वेळी स्पीकर लावला नाही. तुला न्यायला ते येणार नाहीत. मी आग्रहही केला नाही. त्यांना वेळ लागेल, आणि किती ते मला माहीत नाही.

मी देवासमोर बसले. तीन महिने मी महादेवाला निकाल मागितला, माझी पोरगी मागितली नाही. ती आहेच, असं धरून चालले होते. त्याला म्हटलं, हा नवस मी मोडते आहे, हातानं मोडते आहे. रेणूचं नाव यातून काढ आणि माझं घाल. जे उलटायचं ते माझ्यावर उलटव, मी इथंच आहे. मग वरणात मीठ घातलं आणि जेवले. पहिला घास उलटून पडला, दुसरा राहिला. भीती गेली असं म्हणणार नाही. आजीचे शब्द कानात आहेत. पण तुझी ती ओळ त्याहून मोठ्यानं ऐकू येते.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतली, दोन बाटल्या. त्या दिवशीची नर्स माझा हात धरून बसली. मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं, नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, हा आजार असतो, आळस नाही, आणि गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात त्याचे डॉक्टर बसतात. बुधवारी आपण दोघी जाऊ. माझंही रक्त तपासायचं आहेच. पुढे परीक्षा द्यायची की नाही, ते मी आज विचारत नाही, उद्याही विचारणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. पहाटेच्या गाडीनं कोहमाऱ्याला आणि तिथून नागपूरला निघते. पत्र प्रेरणाच्या हाती वर पाठवीन, कारण समोर आले की तू रडशील, मी रडेन आणि यातलं अर्धं बोलायचं राहून जाईल. तू हे वाचत असशील तेव्हा मी खाली फाटकाशी बसलेली असेन. जिने चढायची ताकद अजून आली नाही.

सामान नंतर नेता येईल. चपला घाल आणि खाली ये. या पत्राचं उत्तर लिहू नको.
तुझी माय