कोमट धूळ

सोमवार, ३
आले एकदाची! नातीचं घर डोंगरमाथ्यावर, दुर्बिणीच्या घुमटाला लागून. दोन खोल्या, मोठी खिडकी, नळाला चोवीस तास पाणी. झकास. गुडघ्यांनी मात्र चढावरच राजीनामा दिला. नात रात्रभर आकाश बघते, दिवसभर झोपते, वाळून काडी झालीय. तिच्या पोटात चार घास घालायला आले, नाहीतर या वयात कोण डोंगर चढतं!

मंगळवार, ४
घरात धूळ फार. सकाळी झाडली की दुपारी हजर, आगंतुक पाहुण्यासारखी. नात म्हणाली, आजी, माझं कामही धुळीचंच. फार लांब ताऱ्यांचा मोठा गोतावळा आहे, दीर्घिका म्हणतात. तिच्या पोटात काहीतरी अधाशी बसलंय. जे येईल ते गिळतं आणि गिळताना प्रचंड उजेड फेकतं. पण भोवती धुळीचं जाड कडं, म्हणून तो दिसत नाही. धूळच तो पिते नि तापते. आम्ही ती ऊब मोजतो. मी म्हटलं, म्हणजे राखेखालचा निखारा. एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस? हसली बिचारी.

गुरुवार, ६
नातीच्या कॉटभोवती धुळीचं गोल कडं धरलंय. हात लावला तर कोमट, उतरवून ठेवलेल्या तव्यासारखं. तिच्याबरोबर काम करणारा चष्मेवाला जेवायला आला होता. कडं बघून त्यानं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, आजी, हे झाडू नका हं. त्या दीर्घिकेकडे बघत बसणाऱ्या प्रत्येकाभोवती धरतं, माझ्याही. मी म्हटलं, तुझ्या आईनं तुला केरात वाढवलं असेल, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

शनिवार, ८
कंबर मोडली, पण झाडलं. ओल्या फडक्यानं पुसलंही. केर दरीत. फरशी कशी लख्ख.
पडदे ओढलेत, दिवा बंद आहे. तरी भिंतीवर माझी सावली पडलीय.
उजेड कॉटवरून येतोय.

रविवार, ९
उठवायला हात लावला, तर कातडी भाजली. नात उठत नाही. पापण्या मिटलेल्या, पण आतून लाल, सूर्यासमोर धरलेल्या पंजासारख्या. चष्मेवाला दाराबाहेरूनच ओरडला, झाडलंत ना शेवटी? धूळ परत घाला. तिनं डोळे उघडले तर तिचं काही उरणार नाही.

सोमवार, १०
पंख्यावरची, कपाटावरची, पायपुसण्यातली, सगळी आणली. ओंजळीनं घातली. पुरत नाही. दरीत उतरायला पाय नाहीत. जन्मभर धूळ काढली, आता दारोदार मागत—

मंगळवार
पापणी हलली. म्हटलं, नको उघडूस बाळ, झोप. म्हणाली, आजी, किती ऊन गं—
माझी बोटं झडताहेत. दुखत नाही. करडी, बारीक, कोमट.
बरंच झालं. तिच्या कॉटला वेढा घालून आडवी झालेय.
या बाजूला पुरले. त्या बाजूला अजून थोडी—