वन्संसमोरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा पुरावा म्हणजे काल ब्रिजचे चोवीस डाव खेळले, त्यांतली प्रत्येक उतारी मला आठवते. प्रकृतीलाही काही धाड भरलेली नाही. मग आत्ताच का, असे मुलाने विचारले. गेल्या महिन्यात आमच्या क्लबातले एक गृहस्थ वारले. त्यांचा जोडीदार तीन गुरुवार रिकाम्या खुर्चीसमोर बसून घरी गेला, चौथ्या गुरुवारी आलाच नाही. माझ्या जोडीदार म्हणजे माझ्या नणंद, वन्सं. छत्तीस वर्षे आम्ही समोरासमोर बसतो. त्यांचे असे होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

कलम १. राहते घर मुलाला. स्वयंपाकघराचे दार खाली घासते, ते त्याने तासून घ्यावे. अकरा वर्षे "या रविवारी करतो" म्हणतो आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी.

कलम ३. शिवणयंत्र आणि दोन्ही कात्र्या शेजारच्या शिंपीणबाईंना. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला वर गेल्यावरही कळेल.

कलम ४. उतारीची वही सुनेला. डावातला पहिला पत्ता टाकायचा तो समोरचे पत्ते उघडण्याआधी, नुसत्या बोलीवरून, म्हणजे कोण कोणत्या रंगात किती हात करीन म्हणाले त्यावरून, अंदाज बांधून. तीच उतारी, आणि अर्धा डाव तिथेच ठरतो. वहीत तीस वर्षांच्या उताऱ्या आहेत, चुकलेल्या लाल शाईत. बिनहुकमी डावात लांब रंगातला वरून चौथा पत्ता उतरावा. सलग चित्रे असतील तर सर्वांत वरचे. हुकमाच्या डावात एक्क्याखालून लहान पत्ता उतरू नये. सून हुशार आहे, पण नेमके हेच करते आणि वर हसते.

कलम ५. जोडीदाराने रंग बोलला असेल तर तोच उतरावा. हा नियम वहीत नाही, कारण तो लिहायची मला लाज वाटत होती. क्लबाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या दंतवैद्यांनी चार इस्पिकांचा डाव, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करायचा विडा, घेतला होता आणि वन्संनी बदाम बोलले होते. माझ्याकडे बदामचा राजा होता. तो टाकला असता तर बदामचे तीन आणि हुकमाचा एक असे चार हात आमचे, आणि डाव बुडाला असता. मी चौकटची राणी उतरले. दंतवैद्यांनी आपला नको असलेला बदाम चौकटवर फेकून दिला आणि चषक घेऊन गेले. "आणि माझे बदाम?" एवढेच वन्सं म्हणाल्या. एकोणीस वर्षे तेच म्हणत आहेत, भाजीत मीठ कमी पडले तरी. बोली मला नीट ऐकू आली नव्हती, असे मी सांगत आले. ते खोटे. स्वच्छ ऐकू आली होती. मला माझे राणी-गुलाम मिरवायचे होते. चुकले, वन्सं. माफ करा. तोंडाने म्हणवत नाही म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिते.

कलम ६. पत्त्यांचे टेबल वन्संना, एका अटीवर. माझ्यामागे त्यांनी खेळ सोडायचा नाही. माझ्या खुर्चीत सुनेला बसवायचे.

पुरवणी. वरील मजकूर गेल्या शुक्रवारी लिहिला. तो वकिलांनी वाचून दाखवला तेव्हा वन्सं दारातच उभ्या होत्या. कलम पाचवर त्या फक्त "माहीत होतं" म्हणाल्या. कलम सहावर मात्र उसळल्या.

"म्हणजे तू गेल्यावर मी हिला पहिल्यापासून शिकवत बसायचं? तेव्हा माझं वय काय असेल?"

"मग काय करायचं म्हणता, वन्सं?"

"याच गुरुवारी बसू दे तिला माझ्यासमोर. तू भिंतीशी बस, तोंड मिटून."

वकील म्हणाले, "बाई, माणूस हयात असताना मृत्युपत्र लागू होत नाही."

"तुम्ही पत्ते खेळता का?" वन्संनी विचारले.

मला झोंबले. माझी खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत जावी, अशी माझी तयारी नव्हती. पण कलम मीच लिहिले होते.

काल दुपारी त्या दोघी बसल्या आणि सपाटून हरल्या. सून तीनदा चुकली, वन्संनी तिला चारदा झापले, आणि शेवटी दोघी पोट धरून हसल्या. जिना उतरताना वन्सं तिला म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी अर्धा तास आधी ये गं." मला कोणी काही विचारले नाही. इतक्या खुशीत मी कित्येक वर्षांत घरी आले नव्हते.

सबब कलम ६ कालपासूनच अमलात आले आहे, असे समजावे.

लिहून ठेवणार : वन्संची वहिनी (सही)

साक्षीदार : १. दंतवैद्य (सही)
२. ग्रंथपाल, ज्यांच्या वरच्या खोलीत क्लब भरतो (सही)

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ११ एप्रिल, शुक्रवार