धोंड्याच्या महिन्यातलं कडू तीर्थ

जामनेर,
दि. २९ मे १९९९

चि. पुनाभाऊ यास,

झुंबरअक्काचे पोटभर आशीर्वाद. भिकूबाईला आणि पोरांना ज्याचं त्याला पोचव. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढे वाचलंस की किती खुशाल आहे ते तुझं तुला कळेल. भिकूबाईचा गुडघा कसा आहे? त्या नंदुरबारच्या वैद्याचं तेल बंद कर म्हणावं, त्या तेलाने माझा गुडघा तर बरा झाला नाहीच, वर गोधडीला वास लागला तो अजून गेला नाही. शिरपूरला ऊन किती आहे ते लिहू नको, आमच्याकडे त्याहून जास्तच आहे. पत्र लांब आहे. जेवण झालं नसेल तर आधी जेवून घे, वाचल्यावर घास गोड लागणार नाही.

तुला माहीतच आहे, रतनच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. रतन आणि योगराजराव अमेरिकेहून आले. (हे स्थळ तू आणलंस, हे मी विसरलेली नाही. तूही विसरू नको, पुढे कामाला येईल.) अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्यामुळे आमच्याकडून जे व्हायचं ते सगळं केलं. पाय धुतले, कपडे केले, तेहतीस अनारसे ताटात रचून मध्ये दिवा लावून दान दिलं. धोंडे केले, खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. चुलीपुढे बसून माझा अर्धा चेहरा भाजून निघाला. नारायणाने दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "मामी, पोटात जागा ठेवलीय, मी पण तुमच्यासाठी काहीतरी आणलंय." मी म्हटलं चला, साडी नसली तरी घड्याळ तरी असेल.

पुना, घड्याळ नव्हतं. पेटी उघडली तर रतनच्या नायलॉनच्या साड्यांत बाळंतिणीसारख्या गुंडाळलेल्या तपकिरी बाटल्या. ना चिठ्ठी, ना छाप. मी विचारलं काय आहे, तर म्हणाले बिअर. मीच घरी केलेली. आता आपल्या तालुक्यात घरी केलेली दारू असली की पोलीस येतात, आणि तिकडे म्हणे शेजारी येतात, गिलास घेऊन. बरं, साधी बिअर नाही, तिला डबल आयपीए म्हणतात. हे ऐकून आमचे हे अशी मान हलवायला लागले की जणू जन्मभर तेच पीत आले. (यांचं पिणं तुला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी कापसाचा भाव बघायला जातात आणि बडीशेप चघळत परत येतात. कापूस घरात नसला तरी भाव बघायला जातात.)

मग नारायणाने कथा सांगितली. या बिअरमध्ये म्हणे एका वेलीची फुलं घालतात, त्यांनी ती कडू होते. इंग्रजांच्या राज्यात इथल्या गोऱ्या सोजिरांसाठी जहाजातून बिअर यायची, ती वाटेत नासू नये म्हणून फुलं जास्त घालायचे. म्हणून आयपीएतला आय म्हणजे इंडिया. आणि डबल म्हणजे त्याच्याही दुप्पट फुलं. म्हणजे बघ, नाव आपल्या देशाचं, प्यायले सोजीर, करतात अमेरिकेत, आणि कडू तोंड शेवटी माझ्या ओसरीवर. मी एवढंच विचारलं की आता कुठे जहाजातून पाठवायचीय, तर आता का इतकी फुलं? म्हणाले, "तीच तर मजा आहे, मामी."

पुढची अडचण कौतिक नानांची. आमच्या जेठांच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या, गळ्यात माळ आहे, कांद्याच्या भज्याकडेसुद्धा ते तिरक्या नजरेने बघतात. मला वाटलं आता हे उठून जातील आणि घरात एक तरी पुरुष शहाणा आहे असं मला म्हणता येईल. तर नाना डोळे मिटून बसले. मग म्हणाले, धोंड्यात जावई नारायण, नारायण देतो ते तीर्थ, तीर्थाला नाही म्हणायचं नसतं. आणि उजव्या हाताचा तळवा पुढे केला. योगराजराव बिचारे घाबरले, पण ओतलं. नानांनी तीनदा घेतलं, डोळ्यांना लावलं, उरलेला हात टकलावरून फिरवला. चौथ्यांदा म्हणाले, गिलासातच दे, तळव्यातून सांडतं, तीर्थ सांडू नये.

पिण्याचीही रीत आहे बरं का. आधी गिलासात नाक घालायचं. मग थोडी तोंडात घेऊन धरायची, लगेच गिळायची नाही. मग गिळायची आणि कशाकशाचा वास आला ते सांगायचं. आमची म्हैस असंच करते, फक्त ती शेवटचं सांगत नाही. आमच्या ह्यांनी नाक घातलं, नाकाला फेस लागला, तोंडात धरली, डोळ्यांत पाणी आलं, गिळली, आणि आवाज बसलेल्या माणसासारखे म्हणाले, आंबा. अरे, आत्ताच वाटीभर आमरस ओरपलेला, मिशीला लागलेला, आंब्याचा वास येईल नाही तर काय बोंबलाचा येईल? नाना म्हणाले, त्यांनाही आंबाच लागला, पण देवाच्या नैवेद्याचा. योगराजराव एवढे खूश झाले की विचारू नको. त्यांना कोणी सांगितलंच नाही की या महिन्यात त्यांनी गिलासातून एरंडेल दिलं असतं, तरी या दोघांना त्यात आंबाच लागला असता.

इथवर मी उंबऱ्यात उभी राहून हसत होते. मग जावईपाहुणे काय बोलले ते ऐक. म्हणाले, इथल्या माणसांना आवडली म्हणजे झालं, आता कॉम्प्युटरची नोकरी सोडून हाच धंदा करायचं पक्कं. आमचे हे म्हणाले, उत्तम. नाना म्हणाले, नारायणाची इच्छा. मी तिथेच गार पडले. पोरगी सातासमुद्रापलीकडे, मागे ना सासर ना माहेर, आणि तिचा नवरा भरल्या ताटावरून उठून दारू गाळणार, कशाच्या जोरावर, तर या दोघांच्या आंब्याच्या जोरावर. मी रतनकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. बाकी कोणाकडे नाही, माझ्याकडेच. मला वाटलं ती डोळ्यांनी म्हणतेय, आई, तू तरी खरं बोल.

म्हणून मी बोलले. आधी गिलास घेतला, रीतीप्रमाणे नाक घातलं, तोंडात धरली, गिळली. आणि म्हटलं, "पाहुणे, निंबाचा पाला, काडेचिराईत आणि म्हातारं कारलं एका फडक्यात घालून पिळलं की हे पाणी निघेल. म्हशीला नळीतून पाजलं असतं तर तिने नळी चावून फेकली असती. तुमच्या या दोन्ही भक्तांना आंबा लागत नाही, तुमची भीती लागते. नाव घेत नाही, पण ही कोणी केली असेल त्याला सांगा, दुसरं काहीतरी कर म्हणावं, याला हात नाही त्याचा."

नानांनी पुटपुटत कानाला हात लावले, नारायणाचा अपमान झाला म्हणून. आमच्या ह्यांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. (त्याचं मला काही नाही, घर कसं शांत वाटतं.) योगराजराव रागावले नाहीत, उलट काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण रतनने त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि उठून आत गेली. दुपारभर अनारसे डब्यात भरत होती. मी विचारलं, बरं केलं ना मी? म्हणाली, "तुला विचारलं होतं, तू सांगितलंस." आता हे काय उत्तर झालं? मी पोरीचा संसार वाचवला आणि पोरगी माझ्याशी डब्याच्या झाकणासारखी बोलते.

तर काम असं की ती दोघं गुरुवारी जाणार, त्याच्या आत तू ये. स्थळ तुझं, जावई तुझा शब्द मानतात. त्यांना बाजूला घे आणि सांग, नोकरी सोडू नका, फुलं देवाला वाहा, बिअरमध्ये घालू नका. मी सांगून झालं, आता कोणा पुरुषाने सांगितलं म्हणजे ते खरं ठरेल. मंगळवारी दुपारच्या गाडीने निघालास तर रात्रीच्या जेवणाला पोचशील. भिकूबाईला आणू नको, गुडघा आहे.

तुझी अक्का,
झुंबर

ता. क. येताना शिरपूरची उडदाची डाळ आण. मागची किडकी होती, ती तूच निवडून दिली होतीस.

ता. क. वर लिहिलेलं फाडायला हवं होतं, पण एवढं पुन्हा कोण लिहील. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला आत गेले, तर रतन मोरीत रिकाम्या बाटल्या धूत होती. एकेक बाटली उजेडाला धरून बघत होती, जशी मी लोणच्याची बरणी बघते. पुना, मी बावीस वर्षं या पोरीला बरणी धुवायला शिकवत होते, मला कळायला नको? मी म्हटलं, रतन, ही कोणी केली? तिने हातातली बाटली पालथी ठेवली. मग म्हणाली, मीच. तिथे गॅरेजमध्ये ती करते. लोक लांबून येतात म्हणे. धंदा तिचा, जावई नोकरी सोडणार म्हणाले ते तिच्या हाताखाली काम करायला. बायको दारू करते असं इथे सांगितलं असतं तर नानांचं तीर्थ तिथल्या तिथे नाल्यात गेलं असतं आणि आमच्या ह्यांना आंब्याऐवजी अब्रू आठवली असती, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं. मी ज्याला नारायण नारायण करून चिडवते आहे तो माणूस सगळी बोलणी स्वतःवर घेऊन गप्प बसला. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तू खरं बोलली नसतीस. बाटल्या तुझ्यासाठीच आणल्या होत्या. बाकीचे काय म्हणतात ते मला माहीतच होतं."

आणि मी म्हटलं होतं, याला हात नाही त्याचा.

मग आम्ही दोघींनी उरलेल्या दोनपैकी एक बाटली मोरीतच बसून उघडली. फुलांचा शेवटचा वाटा अगदी सरतेशेवटी घालतात, वासासाठी, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे वरून फोडणी. म्हणाली, हो आई, फोडणीच. पहिला घोट कडूच आहे, खोटं कशाला लिहू. दुसराही. त्यानंतर मात्र संत्र्याची साल नखाने खरवडल्यासारखा वास येतो. मला आला. उन्हाचाही परिणाम असेल.

ता. क. आता खरं काम. जावयाला काही सांगू नको, त्यांच्या पाया पडायची वेळ माझ्यावर आलीय. मी जाऊन "छान झाली गं" म्हटलं तर रतन म्हणेल, आईसुद्धा शेवटी त्यांच्यातलीच. माझं बोलणं मी वापरून बसले, ते आता परत घेता येत नाही. तुझं अजून शिल्लक आहे. तू लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यालासुद्धा नावं ठेवतोस, व्याह्याच्या घरची जिलबी पानाबाहेर काढून ठेवतोस, उभ्या जन्मात तू कोणत्याही पदार्थाला वाढा म्हटल्याचं आपल्या भाऊबंदात कोणी ऐकलेलं नाही, रतनने तर नाहीच. तिने एक बाटली तुझ्यासाठी ठेवलीय. नाक घाल, तोंडात धर, गिळ. डोळ्यांत पाणी आलं तर उपरणं आहे. कशाचा वास आला ते सांगत बसू नको, तुला जमणार नाही. गिलास तिच्यापुढे कर, आपल्या अहिराणीत आणखी माग, एवढंच म्हण, "आखो शे का?"

ती लगेच भरेल. तोही पी.