हेडमास्तरणीची जागा

स्थळ : शेतावरील पत्र्याची खोली
दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पूर्वीचा गोदामप्रमुख आणि सध्या तीन एकर जमीन, पाच शेळ्या व नऊ बदके यांचा सांभाळकर्ता, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. घर बांधून होताच आप्पांना कायमचे येथे आणावे, यास तुझी संमती हवी.

जागा ठरली आहे. सगळे शेत उताराचे. विहिरीलगतचा तुकडा मात्र टेबलासारखा सपाट. पाण्याची नळी लावून मी स्वतः चार वेळा पातळी तपासली. फरक बोटभरही नाही. आप्पांच्या गुडघ्यांचा विचार करून दाराला उंबरठा ठेवणार नाही. खोलीतून पाऊल थेट अंगणात.

बदके भाजीतल्या गोगलगायी वेचून खातात; हे त्यांना शिकवावे लागले नाही. म्हातारी शेळी, जिला तुझी वहिनी हेडमास्तरीण म्हणते, ती मात्र ऐकत नाही. सपाट जागेवर चारा टाकला तरी तिकडे फिरकत नाही. झाडामागच्या उंचवट्यावर जाऊन बसते आणि तिच्यामागून सगळा वर्ग.

उत्तर लवकर धाड.
तुझा,
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

वय आणि पदवी कळवलीस ते बरं केलंस, नाहीतर मी ओळखलंच नसतं.

आप्पा सात महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. गॅलरीत उभे राहून रस्ता बघतात. खाली नेऊ का विचारलं, की म्हणतात, कशाला उगाच दोन माणसं कामाला लावायची. म्हणून तर हो म्हणावंसं फार वाटतं. पण गेल्या थंडीत त्यांची छाती भरली होती आणि ओल अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझं नवं घर मातीचं होणार. जरा जरी ओल दिसली तरी मी त्यांना पाठवणार नाही, आधीच सांगते.

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, मला वाटलं तुझ्या पातळीचं कौतुक करतील. त्यांनी शेळीचा मजकूर दोनदा वाचायला लावला. मग तुझी जुनी पत्रं काढायला लावली. दादा, हीच तक्रार तू ऑगस्टातही केली आहेस आणि ऑक्टोबरातही! आप्पांचं म्हणणं, उतारावरची जमीन मध्येच सपाट का झाली ते आधी शोध, आणि चर खणण्यापूर्वी हेडमास्तरणीला विचार.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र लिही.
तुझी,
धाकटी

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आप्पांचा पूर्ण आदर राखून कळवतो, की पातळी हे मोजमाप आहे आणि शेळीचे बसणे हा हट्ट. पायाचे चर खणून झाले. चारही कोपरे अचूक काटकोनात आहेत. गवंडी म्हणाला, एवढे सरळ चर त्याने उभ्या हयातीत पाहिले नाहीत. हे आप्पांना वाचून दाखवावे.

तुझा,
दादा

दि. ६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात दोन दिवस अवेळी पाऊस झाला. आज पाचवा दिवस. चरांत अजून गुडघाभर पाणी आहे. नऊही बदके त्यात रांगेने पोहत आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर काटकोनात वळत आहेत. तुझी वहिनी हसून हसून खाली बसली.

ती जमीन सपाट होती, कारण वर्षानुवर्षे उतारावरचे पाणी तेथे थांबून गाळ बसवत आले आहे. मी चार वेळा मोजले. का, हे एकदाही विचारले नाही. उंचवटा मात्र कोरडा ठणठणीत आहे. घर आता तेथेच होईल. चर बुजवणार नाही. ते तळे म्हणून बदकांना दिले.

दोन महिने लांबले, याबद्दल आप्पांची क्षमा मागतो. हेडमास्तरणीची मागावी लागेल, असे वहिनीचे मत आहे.

तुझा,
दादा

दि. २७ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

काल सुखरूप पोहोचले. आता कबूल करते. भर पावसात मी पाहुणचाराला आले नव्हते. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी त्यांच्या खोलीच्या चारही कोपऱ्यांत, चटईखाली, वर्तमानपत्राचा एकेक कागद सरकवून ठेवला होता. निघताना ते घेऊन आले. आप्पांनी एकेक कागद गालाला लावून पाहिला, कुरकुरतो का ऐकलं आणि म्हणाले, पिशवी भर.

गोळ्यांची यादी सोबत पाठवते. मला इथे करमणार नाही, हे त्यांना सांगू नकोस.

तुझी,
धाकटी

स्थळ : घर
दि. १४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आप्पांची आज येथली चौथी सकाळ. सहाला उठलो तर त्यांचे अंथरूण रिकामे. वहिनी विहिरीकडे धावली, मी तळ्याकडे.

ते गोठ्याच्या ओट्यावर बसले होते. शेजारी हेडमास्तरीण. दोघांची तोंडे एकाच दिशेला. मला उठवले का नाही, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. ते म्हणाले, स्वतःच्या दारातून बाहेर पडायला परवानगी लागते काय?

दारापासून ओट्यापर्यंत एकवीस पावले आहेत. मी मोजलेली नाहीत. त्यांनीच सांगितली.

तुझी चटई कोपऱ्यात घालून ठेवली आहे. कागद आणू नयेस.

तुझा,
दादा