दाजींच्या नावाचं ड्रोन

मु. सांडूवाडी, सिल्लोड रस्ता,
जि. छत्रपती संभाजीनगर

चिरंजीव राजेंद्र यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे दवाखान्यात कुणी नाही. तुझं पोट कसं आहे? वाळूजच्या कंपनीत पाळी बदलली की तुला त्रास होतो, तेव्हा रोज ताक पीत जा आणि वडापाव सोड. (सोडणार नाहीस, ठाऊक आहे, पण थोरल्या बहिणीने सांगायचं असतं.) फोन असताना ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवरचं बोलणं भलतंच कुणी ऐकतं हे तूच मला शिकवलंस. कागदाला अजून कुणी कान बसवलेले नाहीत. तू मनावर घेऊ नकोस.

तू आजवर या घराला जे जे प्रेमाने दिलंस त्याची मी कदर करते. मेंढरांच्या वाड्यावर तू कॅमेरा बसवलास आणि पासवर्ड एक-दोन-तीन-चार ठेवलास, का तर ताईच्या लक्षात राहावा. तो माझ्याही लक्षात राहिला आणि आणखी कुणाच्या तरी. मी लेंड्या भरत होते, तर कॅमेऱ्यातून एक पुरुष बोलला, "भाभीजी, वो काली वाली बाहर गई." बघते तर खरंच काळी मेंढी शेजारच्या काकासाहेबांच्या मक्यात. मी त्याला कोण, कुठला, घरी कोण कोण असतं, सगळं विचारलं, पण गडी नाव सांगेना. तेव्हापासून मी वाड्यात डोक्यावर पदर घेऊन जाते. माणूस चांगला आहे, पण परका आहे.

आता ड्रोनचं. दाजींनी फवारणीचं ड्रोन घेतलं तेव्हा तू त्याला बोललेलं समजणारी डबी बसवून दिलीस. ड्रोनचं नाव घ्यायचं आणि हुकूम सोडायचा. शब्द दाजींनी निवडले. वर जायला उचल, मग पुढं आणि मागं, फवारायला उधळ (फवार म्हणताना त्यांचे दोन दात आड येतात), आणि उतरायला टेक. टेक हा शब्द आम्हा दोघांतच ठेवायचा, म्हणजे परक्याला ते उतरवून नेता येणार नाही, ही तुझी सुरक्षा. इथवर ठीक. पण ड्रोनला नाव तू दाजींचंच दिलंस. ते मी इथं लिहिणार नाही. जेजुरीच्या देवाचं आहे एवढं बस. माझ्या तोंडी ते नाव येऊ नये म्हणून मी देवालासुद्धा मल्हारी म्हणते. अरे, ज्या गावात निम्म्या घरांत त्या नावाचा माणूस आहे आणि उरलेल्या निम्म्यांत त्या नावाचा देव, तिथं ते कुलूप कसलं? कुणीही यावं आणि उघडावं.

संध्याला बघायला दौलताबादहून नानासाहेब, म्हणजे मुलाचे वडील, पंधरा-वीस माणसं घेऊन आले. स्थळ चांगलं, पोरगा शिक्षक, आणि संध्याने फोटो बघून पहिल्यांदाच नाक मुरडलं नव्हतं. हे मोडलं तर पोरीचं तोंड मला बघवलं नसतं. दाजींनी ड्रोनला झेंडूचा हार घालून अंगणात मधोमध मांडलं, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. सकाळीच काकासाहेबांच्या कपाशीवर फवारणी झालेली, टाकी अर्धी भरलेली. मी म्हटलं, टाकी रिकामी करा. तर मला नुसता हात दाखवला. (बोलता येत नव्हतं. आदल्या दिवशी सिल्लोडच्या बाजारात मक्याच्या भावावरून भांडून घसा घालवून आले होते.)

बोलणी सुरू करण्याआधी तळी भरायची ठरली. ताटात नारळ, पानसुपारी, भंडारा ठेवला, पाच जणांनी ताट धरलं आणि काकासाहेबांनी मोठ्या भक्तीने देवाचं नाव घेऊन सांगितलं, तळी उचला. तळी उचलायच्या आत ड्रोन उचललं गेलं. हारासकट वर गेलं आणि घरघरत राहिलं. टीव्हीवर लढाईतली ड्रोनं बघून मी परवाच म्हटलं होतं, बरं झालं आपलं गाव लढाईत नाही. पण टाकीत विष आणि खाली माणसं असल्यावर लढाईच की ती.

दाजी तोंड उघडायचे आणि नुसती हवा यायची. मग त्यांनी हातवारे केले. वर बोट, खाली बोट, दोन उड्या, डोळे मोठे. आपल्या लोकांना एवढं पुरतं. काकासाहेब म्हणाले, "अंगात आलं." झालं, बायकांनी दाजींच्या कपाळाला भंडारा फासला, एकाने पाय धरले, आणि सगळे त्यांना नावाने हाक मारून विनवू लागले, पुढं या, पुढं या. दाजींना पाय सोडवता येईनात, पण ड्रोन आज्ञेने पुढं आलं, थेट नानासाहेबांच्या फेट्यावर. कुणीतरी विचारलं, "देवा, औंदा कापसाला भाव काय?" दाजींनी वैतागून पाचही बोटं झाडली, ती लोकांनी मनात मोजून घेतली.

"टाकीत औषध हाय!" मी ओरडले. हा शब्द कुणी काढला कोण जाणे. विषाला आपण औषध म्हणतो आणि मग लोकांनी पळावं अशी अपेक्षा करतो. पाहुण्यांतली चार शहाणी माणसं मागं सरली. आपल्या कडूबाई मात्र लुगडं वर करून दुखरा गुडघा ड्रोनखाली धरून बसल्या. "लई दिवस झाले, जरा इथं पडू द्या," म्हणाल्या. तेवढ्यात काकासाहेबांनी भंडाऱ्याची मूठ भरून घेतली. आता ते देवाचं नाव घेऊन उधळा म्हणणार, हे मला दिसलं.

मी बोंब मारली, "टेक म्हणा, टेक!" सगळ्या अंगणाने दाजींपुढं माथा टेकला. नानासाहेबांनीही. म्हणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि नुसत्या टेकला तुझं यंत्र भीक घालत नाही, आधी नाव लागतं. काकासाहेबांची मूठ वर गेली. राजा, लग्नात सासूने कोंडून ठेवलं होतं तरी मी उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही. आताही नुसतं नाव जिभेवर येईना, पण उखाणा आला. खुर्चीवर चढून म्हटला:

दारी आले पाहुणे, घरी नटली लेक,
भरल्या अंगणात सांगते, खंडेराव, टेक.

ड्रोन गपकन खाली बसलं. त्याच क्षणी तुझे दाजीही गपकन खाली बसले. मग नानासाहेबांनी फेट्यातला झेंडू काढला आणि म्हणाले, "ज्या घरात देवबी बायकोचं ऐकतो, त्या घरची पोरगी आम्हाला पसंत हाय." संध्या दाराआडून हसली, तिचं हसू सगळ्यांनी ऐकलं, आणि सुपारी फुटली. मला रडू आलं. कुणाला औषधाचा थेंबही लागला नाही. (कडूबाई नाराज आहेत.)

तेव्हा भाऊराया, रविवारी ये आणि ती डबी काढून घेऊन जा. हातातल्या रिमोटवर भागेल. नाही आलास तर मी ती विहिरीत टाकीन आणि तुला पुरणपोळी मिळणार नाही. रत्नमालाला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. कॅमेऱ्यातला माणूस काल बोलला, "भाभीजी, मुबारक हो." त्याला बुंदी कुठं पाठवायची ते विचारून घे आणि मग पासवर्ड बदल.

ता. क. दुसरा. पत्र बसवाल्याकडे द्यायचं राहिलं, आणि मधल्या दिवसांत हे सगळं कानावर येऊन तुझा दाजींना फोन आला, की गावात कुणीच घेत नाही असं नाव ठेवा. दाजी दिवसभर विचार करत बसले. गणपती झाला, मारुती झाला, म्हशीचं नाव झालं, सगळी नावं कुणी ना कुणी घेतंच. संध्याकाळी त्यांना सापडलं. मला गावात कुणी संध्याची आई म्हणतं, कुणी काकू, कुणी वहिनी, आणि दाजी तर लग्नापासून "अगं, ऐकलं का" वर भागवतात. आता ड्रोनचं नाव वच्छला आहे. रोज सकाळी दाजी अंगणात उभे राहतात, आधी इकडं तिकडं बघतात, "अगं, ऐकलं का" म्हणून बघतात, ते ढिम्म हलत नाही. मग कान लाल करून हळूच म्हणतात, "वच्छला, उचल." मी आत चुलीपाशी बसून ऐकते.

रविवारी आलास तर पुरणपोळी खा आणि जा. डबीला हात लावू नकोस.