स्वानंदीचं कुलूप

जे. पी. नगर, बेंगळुरू
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

चि. सूर्यकांत भावजी,
वहिनीचे आशीर्वाद.

बेळगावात सगळे बरे असाल. सुचेताच्या गुडघ्याला उतार पडला का? तिला म्हणावं, जिना टाळ. इकडे ऊन आत्ताच तापायला लागलंय आणि नळाला एक दिवसाआड पाणी येतंय.

पत्र बघून दचकू नका. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही ‘वहिनी, मी बघतो’ म्हणून ठेवून देता. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय, म्हणून लिहिते.

येत्या रविवारी तुम्ही येणार आहात ते मीच बोलावलं म्हणून. स्वानंदीला ती सौरऊर्जेची इंटर्नशिप सोडायला लावायची आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घालायचं, असं आपलं ठरलं. तेव्हा मी घाबरलेली होते. आज त्याहून जास्त घाबरलेली आहे. तरी सोमवारी काय झालं ते आधी वाचा.

तिच्या कॉलेजनं शेवटच्या वर्षाच्या मुलांना एका कंपनीत शिकायला पाठवलंय, हे तुम्हाला माहीत आहे. कारखान्यांच्या छतावर पॅनेल बसवायचे आणि ती वीज खाली कारखान्याच्या लाइनीला जोडायची. आधी वर्गात शिकवलं, आता साइटवर नेतात. साइट पीण्यात, त्याच औद्योगिक वसाहतीत. ते नाव ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं. बाकीच्या बेंगळुरात काय छतं नाहीत?

त्यांचं पुस्तक मी ती नसताना वाचते. इंग्रजी आहे, तेव्हा डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यात लिहिलंय की ऊन असेपर्यंत पॅनेलमधली वीज बंद करता येत नाही. गिरणी बंद होते, पंखा बंद होतो, हे होत नाही. ते वाचल्यापासून आभाळ भरून आलं की मला बरं वाटतं.

आणखी एक सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. त्यांनी प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलंय, त्याच्यावर नाव आणि फोटो. लाइनीवर काम करायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि ज्यानं त्यानं आपलं कुलूप त्याला लावायचं. किल्ली एकच, ज्याची त्याच्या खिशात. काम संपवून खाली आलं की आपलं आपण काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज चालू करायची नाही, मालक आला तरी. स्वानंदीनं ते घरी आणून दाखवलं. मी म्हटलं, ‘फोटो बरा आला नाही.’ एवढंच म्हटलं.

सोमवारी सकाळी मी ओट्याशी होते. फोन वाजला. पीण्याहून. भव्या म्हणून तिची वरिष्ठ आहे, तरुणच आहे, कन्नडात बोलत होती.

‘अम्मा, स्वानंदी घरी आहे का?’

भावजी, तुमच्या दादांच्या वेळीही पीण्याहूनच फोन आला होता आणि त्यांनीही आधी असंच काहीतरी साधं विचारलं होतं, घरी कोण कोण आहे म्हणून.

‘तोंडी परीक्षा आहे तिची,’ मी कसंबसं म्हटलं. ‘हेब्बाळला कॉलेजात गेलीय.’

‘तिचा फोन बंद आहे. तुम्ही तिला जाताना बघितलंत?’

‘दार वाजलेलं ऐकलं.’

‘ऐकलं नको अम्मा. डोळ्यांनी बघितलं का?’

तिच्या मागून एक माणूस ओरडत होता, ‘हो म्हणायला सांग की बाईला! शेड बंद पडलीय माझी!’

बघितलं नव्हतं. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. सकाळी ती उठली, आवरलं, गेली, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. ती परीक्षेला गेली की रागानं साइटवर, मला काय ठाऊक? ‘हो’ म्हटलं असतं तर फोन ठेवून पोळ्या करता आल्या असत्या.

‘नाही बघितलं,’ मी म्हटलं.

‘सरी अम्मा, बरं. मग आम्ही चालू करत नाही.’

गॅस बंद केला आणि मेट्रो धरली. त्यानंतर पीण्यात मी पाय ठेवला नव्हता, तुम्हाला माहीत आहे. स्टेशनं जात होती आणि मी मनात तिच्या अंगावर कपडे कुठले असतील ते आठवत होते. तेव्हा ओळख पटवायला मला कपडेच विचारले होते.

गेटाशी कामगार सावलीला बसलेले. एकजण म्हणाला, ‘अक्का, तुम्हीच का तिची आई? पोरीला सांगा, रोज विसर म्हणावं. आम्हाला सुट्टी.’ बाकीचे हसले. आत गेले. स्विचला तिचं कुलूप लटकत होतं. बाकीच्यांनी रविवारी संध्याकाळी आपापली काढली होती, हिचं राहिलं होतं. मालक तावातावानं म्हणत होता, ‘एक पोरगी विसरते, आणि सगळा कारखाना हातावर हात ठेवून बसतो! कापा ते!’

भव्या हळू आवाजात म्हणाली, ‘छत बघून झालं सर. टाक्यांच्या मागेही मी स्वतः जाऊन आले. तिचा आवाज कानांनी ऐकला की कापते. त्याआधी कापायचं तर अगोदर मला घरी पाठवा.’

मला तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. मी विचारलं, ‘कुलूप नसतं तर?’

‘पूर्वी कुठे होतं अम्मा? कितीतरी ठिकाणी अजून नाही. खालून ओरडून विचारतात, सगळे उतरले का? कुणीतरी हो म्हणतं. की चालू.’

ती सहज बोलली. तिला आमचं काही माहीत नाही.

दुपारी स्वानंदीचा फोन आला. परीक्षेला फोन जमा केले होते. ‘अय्यो अक्का, माझं कुलूप!’ पलीकडून ओरडण्याचा आवाज मलाही आला. भव्यानं तिला व्हिडिओवर तोंड दाखवायला लावलं, मालकालाही दाखवलं, आणि मग कुलूप कापलं. तेवढ्यात स्वानंदीला मी मागे दिसले. ‘आई, तू? पीण्यात?’

ती विसरणाऱ्यातली नाही. रविवारी संध्याकाळी, ती स्विचपाशी असताना, मी फोन करून सांगितलं होतं की काका येणार आहेत आणि हे सगळं बंद. ती रडत तशीच निघाली. रात्रीचं भांडण त्याच्यावरूनच.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तुमचे दादा घरातला बल्ब बदलायचा तरी मेन बंद करायचे. सगळं घर अंधारात. तुम्हीच हसायचात, ‘दादा, बल्ब आहे तो, वाघ नाही.’ तो माणूस चालू लाइनीला हात लावेल? पण तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘दादाच चुकला, मेन बंद केला नाही.’ पीण्याच्या कारखान्यात लाइनीचं काम करताना शॉक लागून ते गेले, आणि तिथल्या लोकांनी सांगितलं तेच तुम्ही सांगितलं. मीही मानलं. त्यात मला आधार होता. चूक त्यांची होती, म्हणजे जो चुकत नाही त्याला काही होत नाही, आणि स्वानंदी चुकणारी नाही, असं मनाशी म्हणत मी इतकी वर्षं झोपत आले.

सोमवारी त्या स्टुलावर माझा तो आधार गेला. तुमच्या दादांनी मेन बंद केला असणार. कुणीतरी खालून विचारलं असणार आणि कुणीतरी न बघता हो म्हटलं असणार. माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या माणसाबरोबर अठरा वर्षं संसार केलाय मी, एवढं मला कळतं. आणि म्हणूनच आता जास्त भीती वाटते. पोरीनं कितीही सांभाळलं तरी तिचा जीव खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे. रोज तिथे भव्या असेल असं नाही.

तरी मी तिला अडवणार नाही. काल ती पुन्हा गेली. मी दारात उभी राहून ती जिना उतरेपर्यंत बघितलं.

तुम्ही रविवारी या. बँकेचं काढू नका. जेवायला बसल्यावर तिला एवढंच सांगा, की तुझे बाबा चुकले नव्हते. तेराव्याला ती बारा वर्षांची होती, दाराआड उभी राहून तिनं तुमचं बोलणं ऐकलं होतं. त्यानंतर तिनं मला कधी काही विचारलं नाही. मी सांगितलं तर तिला बायकोची माया वाटेल. तुम्ही सांगितलं तर खरं वाटेल.

ते तोंडातून निघणार नसेल, तर येऊ नका.

वासुदेवरावांची,
हेमावती