ऐकू येईल ना?

मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६

परवानगी मिळाली! आमच्या संशोधनाच्या प्रमुख डॉ. पेनफोल्डनी फॉर्मला जोडायचं माझं पान मान्य केलं — दहा कुटुंबांपुरतं, पण केलं.

पाच महिने नवजात बाळांच्या वॉर्डात संशोधन-सहायक म्हणून फॉर्म भरतेय. सेप्सिस झालेली बाळं, म्हणजे जन्मल्या-जन्मल्या रक्तात जंतू भिनलेली. फॉर्मवर रकाने तीन. जगलं की नाही. अँटिबायोटिक्स किती दिवस. वॉर्डात किती दिवस. आईबापांना काय हवं होतं, हे कुठेच नाही! म्हणून माझं पान, त्यावर एकच प्रश्न — बाळ बरं झालं, असं तुम्ही कधी म्हणाल?

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "विचार जरूर. पण तू काही सांगायचं नाहीस. पुढे काय होईल हे तर मुळीच नाही." मी म्हटलं, अर्थात!

बाबांना फोन केला. ते इतवारीतल्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी लंडनला डॉक्टर आहे. म्हटलं, बाबा, मी डॉक्टर नाही आणि हे लंडन नाही, रीडिंग आहे. "हो हो, तेच ते." मागे शिलाई मशीन चालूच. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नाही, त्यांना सगळ्या डिग्र्या सारख्याच.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

उत्तरं येतायत. एक बाप, लॉरी चालवतो. म्हणाला, "पायाला हात लावला की पाय आखडून घेतो तो. ते थांबेल तेव्हा." टाचेतून रोज रक्त काढतात ना! हे कुठल्या रकान्यात घालू?

एक आई — नर्सला न विचारता उचलून घेता येईल तेव्हा.

खिडकीजवळच्या कॉटवर आज नाव वाचलं, 'बेबी कर्णिक'. नऊ दिवसांची मुलगी. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले होते. आई पुण्याची, स्वराली. मराठीत बोलले तर माझं मनगटच धरलं तिने. "तुझा प्रश्न ठेव बाजूला. जेवलीस का? चेहरा बघ किती उतरलाय."

नवरा यतीन, सॉफ्टवेअरवाला. लेकीच्या रक्तातल्या जंतुसंसर्गाचे रोजचे आकडे एक्सेलमध्ये भरतो. आकडा उतरला की ऑफिसमधून फोन — "ट्रेंड चांगलाय!" स्वराली म्हणते, "ह्याला मुलगी नाही झाली, प्रोजेक्ट झालाय."

सोमवार, १३ फेब्रुवारी

आता 'स्वरालीताई' म्हणायला लागलेय. तिने विचारूनही घेतलं नाही, डब्यातला अर्धा पराठा हातात ठेवला.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सकाळी चार नंबरच्या कॉटमधलं बाळ गेलं. सहा दिवसांचं. फॉर्म मीच भरला. पहिल्या रकान्यात खूण केली की बाकी दोन आपोआप भरतात, वेळच लागत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

स्वरालीताईकडे गेले. ती बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "हिला ऐकू येईल ना गं?"

अशा आजारात कान जाऊ शकतात. मार्चमध्ये टेस्ट करू, तोवर काही सांगता येत नाही — डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलंय. ते पत्रक तर मीच टाइप केलंय!

आणि मी म्हटलं, "येईल गं ताई. सगळं नीट होईल, बघ."

इंग्रजीत हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. इंग्रजीत माझ्याकडे एक सभ्य वाक्य आहे — माफ करा, मला याबद्दल बोलता येणार नाही. मराठीत कुणी ताई असं विचारते तेव्हा 'येईल', 'होईल' एवढंच येतं.

तिने माझा हात थोपटला. "बरं वाटलं."

शनिवार, १८ फेब्रुवारी

ती आता त्या एका शब्दावर विसंबून राहणार. काय करून बसले मी!

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

बेबी कर्णिक घरी गेली. यतीनचा आलेख तळाला टेकलाय, त्याने नर्सना पेढे वाटले. एकीने विचारलं, हे चीज आहे का?

माझा फॉर्म — जगलं. एकवीस दिवस. चोवीस दिवस. एकदम उत्तम निकाल!

माझं पान स्वरालीताईने कोरंच परत दिलं. "टेस्टनंतर विचार."

शुक्रवार, १० मार्च

डॉ. पेनफोल्डना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, काढून टाकतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

टेस्टच्या आधी सांगायला हवं. उद्या फोन करते.

गुरुवार, २३ मार्च

नाही केला फोन. तेरा दिवसांत एकदाही नाही.

आज टेस्ट झाली. उजव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. डाव्याला थोडं, मशीन लावून कळेल किती. यतीन पॅसेजमध्ये भेटला, हातात कारची किल्ली नुसती फिरवत होता. म्हणाला, "स्वराली आत आहे, भेटून जा ना."

मी जिन्याने खाली पळाले. पळालेच!

शनिवार, २५ मार्च

तिच्या घरी गेले. चपलाही न काढता दारातच म्हटलं, ताई, मी तुला खोटं सांगितलं, मला काहीच माहीत नव्हतं.

"मला होतं," ती म्हणाली. "तुला विचारलं ना, त्याच सकाळी नर्सच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. शेजारची दोन्ही बाळं दचकून रडली. माझी गाढ झोपलेली. तेव्हाच कळलं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तू रडून आली होतीस. म्हटलं, हिला कुणाला तरी 'सगळं नीट होईल' म्हणायला मिळू दे."